सरांच्या फाइलमधली दारू

फोन काकूंचा होता, मन्मथ सरांच्या पत्नीचा. बीडच्या आमच्या हॉस्पिटलात कोडिंगची एक छोटी खोली आहे, तिथं मी बसले होते. समोर कुणाच्या तरी मूतखड्याची फाइल उघडी होती. काकू अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "सुजाता, तुझे सर गेले गं. ग्राउंडावरच." मग त्याच पुढं म्हणाल्या, "पोरींना पाणी प्यायला सोडलं, रोलरवर टेकले, आन् तसेच... लई तरास न्हाई झाला. तू सावकाश ये. घाट हाय."

धारूरला पोचले तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे सरांना बसवलं होतं. कपाळावर भस्म, गळ्यात इष्टलिंग आणि हारांचा ढीग. मन्मथ सरांना ग्राउंडावर बसलेलं आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते बसणंच आधी डोळ्यांना खरं वाटेना. अंबाजोगाईहून, केजहून, सिरसाळ्याहून, पुण्याहून बाया आल्या होत्या. कुणाच्या कडेवर मूल होतं, कुणी बँकेतून तशीच निघून आली होती, एक तर फौजदाराच्या वर्दीत उभी राहून हुंदके देत होती. सगळ्या कधी ना कधी सरांच्या खो-खोच्या मुली. गर्दीतल्या कुणीतरी विचारलं, "कशानं गेले?" आणि चार तोंडांतून एकच उत्तर आलं, "हार्ट." ऐकायला विचित्र वाटेल, पण त्या रडारडीत ते उत्तर ऐकून माझा ऊर भरून आला, आणि तो नुसता दुःखानं नव्हे. कारण एक काळ असा होता की सर असेच ग्राउंडावर कोसळले असते, तर याच गल्लीनं वेगळं उत्तर दिलं असतं. ते उत्तर कसं बदललं, ते मला सांगायचं आहे. ते मी सांगितलं नाही तर सर वरून शिट्टी मारतील.

माझे वडील वायरमन. आमचं घर बुद्धविहाराच्या मागं. मी सातवीत असताना एका रविवारी सर घरी आले. पांढरा बूट, पांढरी पँट, उन्हानं रापलेला चेहरा. दारातूनच म्हणाले, "आधी पाणी द्या." आईनं तांब्या दिला, तो वर धरून नाही, तोंडाला लावून प्यायले. गळ्यात लिंग बांधलेल्या माणसानं आमच्या घरात येऊन पहिल्यांदा पाणीच का मागितलं, ते मला मोठेपणी कळलं. मग म्हणाले, "ही पोरगी मला पाहिजे. शाळा सुटल्यावर रोज." वडील चपापले. "सर, पोरगी मोठी झाली की आता. हिला पळवता का?" सर म्हणाले, "मोठी झाली म्हणूनच. पोरं तशीबी पळतेतच." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून मी ग्राउंडावर. पांढरी फक्की मारून आखलेली मधली पट्टी, दोन टोकांना दोन खांब, आणि मधे सरांचा आवाज, "खो देताना हात लाव, ढकलू नको! मैत्रीण हाय ती, पोतं न्हाई!"

दारूचा त्यांना इतका तिटकारा का, ते त्यांनी एकदाच सांगितलं. आम्ही स्पर्धेवरून परत येत होतो. बसमध्ये एक माणूस झिंगून आमच्या सीटवर कलंडला. सरांनी त्याला उचलून दाराशी नीट बसवलं, पडू नये म्हणून शेजारी उभे राहिले. त्याचं गाव आल्यावर उतरवून परत आले तेव्हा चेहरा पांढरा पडलेला. म्हणाले, "माझ्या बापाला मी असाच बाजारातून घरी आणायचो. त्यातच गेला तो. आजबी त्या वासानं मला उलटी येती." मग खिडकीबाहेर बघत बसले... आम्हा मुलींना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की सरांनाही बाप होता.

पुढं मी बी. एस्सी. केलं, पुण्यात मेडिकल कोडिंगचा कोर्स केला आणि बीडला नोकरीला लागले. कोडिंग म्हटलं की लोकांना वाटतं मी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिते. वडील तर चौकात तसंच सांगतात. खरं म्हणजे काम साधं आणि किचकट आहे. जगातल्या प्रत्येक आजाराला एक अक्षर आणि काही आकडे दिलेले असतात. डॉक्टर शब्दांत लिहितात, मी ते शब्द वाचून त्या आजाराचा कोड लावते, आणि तिथून पुढं तो कोडच माणसाची ओळख होतो. विमावाले तोच बघतात, पुढचा डॉक्टर तोच बघतो. कोड मी ठरवत नाही. डॉक्टरांनी जे लिहिलं त्याचाच लावायचा. लिहिलेलं अपुरं असेल किंवा एकमेकांशी जुळत नसेल, तर डॉक्टरांना लेखी विचारायचं. माझ्या मनाला काय वाटतं याला तिथं जागा नाही. सरांना हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "आन् चुकीचा कोड लागला तर?" मी म्हणाले, "मग माणसाला नसलेला आजार चिकटतो, सर." "आरं बापरे," असं म्हणून ते हसले होते.

त्यानंतर काही वर्षांनी धारूरहून कानावर यायला लागलं. आधी आईनं फोनवर चाचरत सांगितलं, "सर आजकाल जरा... झोकांड्या खातेत म्हणे." मला राग आला. मी आईला गप्प केलं. मग दिवाळीला गेले तेव्हा स्वतःच पाहिलं. सर वाण्याच्या दुकानातून येत होते. पाय लांब लांब टाकत, जमीन चाचपल्यासारखे. एका पायातली चप्पल मागंच राहिली होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मी चप्पल उचलून मागून हाक मारली तर ओशाळले. "आगं, पायाला मुंग्या येतेत लई. कळतच न्हाई चप्पल हाय का न्हाई." चेहरा पिवळट, ओठांचे कोपरे चिरलेले. मी डॉक्टरकडं चला म्हणाले. तर म्हणाले, "वय झालं. पळून पळून झिजले पाय." दिवाळी संपली, मी बीडला परतले.

गाव मात्र थांबलं नव्हतं. संध्याकाळी अंधार पडायला लागला की सरांचा तोल जास्त जायचा, आणि संध्याकाळी तोल जाणाऱ्या माणसाबद्दल गाव एकच गोष्ट बोलतं. "बापावर गेला शेवटी." हे वाक्य त्यांनी स्वतःच्या कानानं ऐकलं, न्हाव्याच्या दुकानात, तोंडाला साबण असताना. काकू सांगत होत्या, त्या दिवशी ते अर्धी दाढी ठेवूनच घरी आले. मग एकेक मुलगी ग्राउंडावर यायची बंद झाली. पोरीला घरी काम आहे, पोरीचा क्लास आहे. शेवटी एक बाप तोंडावरच बोलला, "सर, तुमच्याबद्दल आदर हाय. पण पिणाऱ्या माणसाकडं पोरगी कशी पाठवू?" सर ग्राउंडावरून निघाले. घरी येऊन काकूंना म्हणाले, "त्याचं बरोबरच हाय की. मी तरी पाठवली असती का?" आणि शाळेच्या व्यवस्थापनानंही मग लेखी कळवलं, वैद्यकीय तपासणी करून दाखला आणा, तोवर मैदानाचा तास घेऊ नका. निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. त्या माणसाला शिट्टी गळ्यात न घालता ऑफिसात बसवलं, हजेरीपटाच्या बेरजा करायला.

एका सकाळी ते शाळेच्या पायऱ्यांवरून खाली गडगडले. डोक्याला खोक पडली. बरोबरच्या एका शिक्षकांनी गाडी केली आणि थेट बीडला, योगायोगानं आमच्याच हॉस्पिटलात आणलं. मी त्या दिवशी बीडमध्ये नव्हते, मावसबहिणीच्या लग्नाला गेले होते. कॅज्युअल्टीत अपघाताचे पेशंट भरलेले, नवा डॉक्टर एकटा. त्यानं विचारलं, दारू वगैरे? सोबतचे शिक्षक खालच्या आवाजात म्हणाले, "घेतात म्हणे." डॉक्टरनं लिहून घेतलं. लिहिताना 'म्हणे' गळून गेलं. इंग्रजीत त्याला नीटसा शब्दही नाही. राहिलं फक्त 'घेतात'. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी आणि तांबड्या पेशी फुगून मोठ्या झालेल्या. आता गंमत अशी की वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या रक्तातही पेशी अशाच फुगतात. म्हणजे अफवेला रक्ताची साक्ष मिळाली. पायांच्या नसा गेलेल्या, पेशी मोठ्या, इतिहास दारूचा. फाइलवर लिहिलं गेलं, दारूमुळे नसांचा विकार आणि व्हिटॅमिन बीची कमतरता.

दुसऱ्या दिवशी काकू उशाशी असताना तोच डॉक्टर राउंडला आला. वयानं पोरगाच, पण वागायला नम्र. त्यानं विचारलं, "काकू, हे रोज किती घेतात?" काकूंना वाटलं चहाच. "दोन येळा. साखर कमीच टाकते मी." तो म्हणाला, "चहा नाही, दारू." काकू आयुष्यात कुणावर ओरडलेल्या नव्हत्या. त्या उभ्या राहिल्या आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "माझ्या घरात बाटली फकस्त फिनाईलची हाय! कुणी सांगितलं तुमाला? नाव सांगा मला त्याचं!" सर भिंतीकडं तोंड करून पडले होते. त्यांनी सगळं ऐकलं. तेव्हापासून त्यांनी जेवणाला हात लावला नाही.

मी लग्नाहून परतले आणि कामावर बसले, तर त्या दिवसाच्या फाइलींमध्ये ती फाइल. घरी पाठवायची तयारी झालेली, डिस्चार्जचा मसुदा वर लावलेला. नाव वाचलं, गाव वाचलं... आणि निदानाच्या ओळी वाचल्या.  मी खुर्ची मागं सारून तशीच वॉर्डात गेले. सर मला बघून उठून बसले आणि पहिलं वाक्य बोलले, "सुजाता, तुला तरी खरं वाटतं का गं?"

मी म्हणाले, "नाही, सर." काकू माझा हात धरून म्हणाल्या, "आगं मग तूच बदल की ते! तुझ्याच हातात हाय म्हणतेत ना." खरं सांगते, बोटांनी करायचं म्हटलं तर क्षणाचं काम होतं. पण मी काही बोलायच्या आत सरच म्हणाले, "तिनं हात लावायचा न्हाई. ती माझी खेळाडू हाय. आपल्या खेळाडूला आऊट न्हाई म्हणायचा आपल्याला हक्क नस्तो. पंचांना इचार. पंच जे म्हणतील ते मला कबूल."

मी खोलीत परत आले, डोळे पुसले आणि माझ्या नेमून दिलेल्या कामाकडं बघितलं. तेव्हा मला माझा रस्ता दिसला. मसुद्यात नुसतं लिहिलं होतं, व्हिटॅमिन बीची कमतरता. आता बी हे एक जीवनसत्त्व नाही, ते मोठं कुटुंब आहे. बी वन कमी असेल तर कोड ई एकावन्न, आणि तो बहुधा दारू पिणाऱ्यांच्याच फाइलींत सापडतो. नायसिन कमी असेल तर ई बावन्न. बाकीच्यांना ई त्रेपन्न. आणि बी ट्वेल्व्हच्या अभावानं रक्तच खालावलं असेल, तर घरच बदलतं, डी एकावन्न. त्यातही कारणानुसार पुढचा आकडा वेगळा. नुसत्या 'बी'वरून मला नेमका कोड लावता येत नव्हता. मी हॉस्पिटलच्या रीतीप्रमाणे मुख्य फिजिशियन डॉ. नसरीन मॅडमना लेखी विचारलं. कोणतं बी? त्याची पातळी तपासली आहे का? आणि दारूची नोंद कुणाच्या सांगण्यावरून आहे, कारण पत्नी ठाम नाकारतात आणि यकृताचे रिपोर्ट तर निर्दोष आहेत. पेशंट माझे सर आहेत हेही मी खाली लिहिलं. लपवायचं कशाला?

नसरीन मॅडम रजेवरून त्याच सकाळी आल्या होत्या. त्यांनी माझी टीप वाचली आणि त्या थेट वॉर्डात गेल्या. मी मागं गेले, दाराशी उभी राहिले. मॅडमनी आधी सरांची जीभ पाहिली. लालबुंद, गुळगुळीत, फरशीसारखी. मग एक स्टीलचा दोन दातांचा काटा तळहातावर आपटून तो थरथरत असताना सरांच्या घोट्यावर टेकवला. "काही जाणवतं का, सर?" "कशाचं?" मॅडमनी तोच काटा गुडघ्यावर टेकवला, मग मनगटावर. मनगटावर लागताच सर दचकले, "आरं, हे तर मधमाशीवानी गुणगुणतंय की!" घोट्याला ती मधमाशी लागतच नव्हती. मॅडम म्हणाल्या, "उभे राहा. पाय जुळवा. आता डोळे मिटा." डोळे मिटताच सर झाडासारखे एका अंगाला कलले. मॅडमनी आणि मी दोन बाजूंनी धरलं. "तोंड धुताना असं होतं का?" मॅडमनी विचारलं. काकूच बोलल्या, "व्हय! तोंडावर पाणी मारलं की पडतेत. आन् अंधारात तर..." मॅडम हळूच हसल्या. "सर, तुमचे पाय कुठं आहेत हे पायच तुम्हाला सांगत नाहीयेत. डोळे सांगतात, म्हणून उजेडात चालता. अंधार पडला, की तोल गेला. यात दारूचा संबंध नाही."

ते वाक्य मॅडम अगदी सहज बोलून गेल्या. सरांनी मात्र तोंडावर टॉवेल घेतला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. एवढा मोठा माणूस मी पहिल्यांदा रडताना पाहिला. टॉवेलाच्या आतून म्हणाले, "मॅडम, आणखी एकदा म्हना."

"दारूचा संबंध नाही," मॅडम पुन्हा म्हणाल्या, या वेळी वॉर्डाला ऐकू जाईल अशा.

लगेच रक्त घेतलं आणि त्यानंतर इंजेक्शनं सुरू केली, रिपोर्टची वाट न बघता. बी ट्वेल्व्ह इतकं खाली होतं की मॅडमनी लॅबला दोनदा विचारलं. काकू खजील झाल्या, "आमी शाकाहारी, त्याच्यामुळं का?" मॅडम म्हणाल्या, "त्यानं थोडं कमी होतं, इतकं नाही. दूध-दही तर खाता ना? मला वाटतं, यांच्या पोटात ते शोषूनच घेतलं जात नाही." पुढची एक तपासणी बाहेर पाठवावी लागली, आणि तिनं तेच खरं केलं. आता सुई आयुष्यभर, तोंडानं खाऊन भागणार नाही. सर म्हणाले, "आयुष्यभर तर आयुष्यभर. पळता येईल का ते सांगा." मॅडम प्रामाणिक बाई. म्हणाल्या, "रक्त लवकर सुधारेल. नसा हळू. किती परत येईल ते आज सांगू शकत नाही."

फाइल परत माझ्याकडं आली. जुनी नोंद कुणी खोडली नाही, तसं करतही नाहीत. मॅडमनी त्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, दारूचा इतिहास ऐकीव, तपासाअंती निराधार. आणि त्याखाली नवं निदान. मी कोड लावला, डी एकावन्न पॉइंट शून्य, आणि मज्जारज्जूवर झालेल्या परिणामाचा दुसरा. दारूचा कोड लावायचं कारणच उरलं नाही. मी कित्येक हजार कोड लावले असतील, पण एंटर दाबताना खो मिळाल्यासारखं वाटलं ते त्या एकदाच. तो तरुण डॉक्टर सरांच्या खाटेशी आला आणि म्हणाला, "सर, मी ऐकलं ते लिहिलं. विचारायला हवं होतं." सरांनी त्याचा हात दाबला. "आरं, माझ्या गावाला वीस पिढ्यांची वळख असून कळलं न्हाई, तुला एका सकाळी काय कळणार?"

घरी आल्यावर सरांनी शाळेला दाखला दिला तो दिलाच, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. पालकांच्या सभेत काठी टेकत उभे राहिले. मी मुद्दाम गेले होते. सभागृहात चुळबुळ चालली होती, कुणी सरांकडं बघत नव्हतं. सर म्हणाले, "तुमी माझ्याबद्दल काय बोललात ते मला माहीत हाय. मी राग धरत न्हाई. मला आजार झालता, त्याचं नाव मी सांगतो, ऐका." आणि या माणसानं, ज्याला दहावीच्या पलीकडचं शास्त्र येत नव्हतं, फळ्यावर पाठीचा कणा काढला, दोन पाय काढले आणि सगळं समजावलं. "पायाला मुंग्या, जिभेची आग, अंधारात तोल. हे कुणाला होतंय का? लाजू नका. मी लाजलो, म्हणून पायऱ्यांवरनं पडलो." मागच्या रांगेतून एक हात वर आला. एका मुलीच्या आईचा. तिच्या शेजारी तोच बाप बसला होता, पिणाऱ्याकडं पोरगी कशी पाठवू म्हणणारा. ती त्याचीच बायको. बाई दबक्या आवाजात म्हणाली, "सर, मला व्हतंय. घरात म्हनतेत कामाचा कंटाळा करती म्हणून." सरांनी सगळ्यांसमोर तिला सांगितलं, "उद्याच्या गाडीनं बीडला जायचं, ताई. सुजाता हाय तिथं." ती आली. तिला सरांइतकं बिघडलं नव्हतं, थोड्याच महिन्यांत बरी झाली. आणि सभेनंतरच्याच सोमवारी त्या बापानं पोरीला स्वतः ग्राउंडावर आणून सोडलं. सरांच्या पाया पडायला वाकला तर सर म्हणाले, "पाया नको पडू, मला अजून पाय कुठं हायेत ते नीट कळत न्हाई. उगं लाथ बसंल." अख्खं ग्राउंड हसलं. मला वाटतं, त्या हसण्यातच गावानं माफी मागितली.

बरं होणं सोपं नव्हतं. मुली सरावाला यायच्या आधी सर फक्की मारलेल्या मधल्या पट्टीवरून चालायचे, टाचेला अंगठा लावत, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. पडायचे, उठायचे. काकू सावलीत उभ्या राहून बघायच्या आणि मधे पडायच्या नाहीत. हळूहळू काठी सुटली. डाव्या पायाची बोटं कायमची बधिर राहिली, पण बाकी पाय परत आले. नंतरच्या थंडीत ते मुलींना घेऊन गावच्या किल्ल्यावर गेले. मीही गेले. वरच्या बुरुजावर पोचल्यावर वारा असा की ओढण्या उडत होत्या. सरांनी पाय जुळवले, हात सोडले आणि डोळे मिटले.  ते उभे राहिले. डोळे मिटूनच म्हणाले, "नसरीन मॅडमना फोटो पाठवा." मुलींनी असा कल्ला केला की खालच्या वस्तीतली माणसं बाहेर येऊन वर बघायला लागली. त्याच वर्षी आमच्या शाळेच्या मुली जिल्ह्यात पहिल्या आल्या, आणि मग तो चषक असा काही धारूरला रुळला की परत जायचं नावच घेईना.

निवृत्तीनंतरही सर ग्राउंडावर जातच राहिले, कुणी थांबवलं नाही. सुई घ्यायचा दिवस असला की दवाखान्यातून निघताना मला फोन करायचे, "सुजाता, आज बी टाकून आलो. पीक जोरात हाय." मला वर्षानुवर्षं हाच विनोद, आणि मी दर वेळी हसायचे. शेवटचं भेटलो ते पोळ्याच्या सुमारास. निघताना म्हणाले, "माझ्या फाइलीत आता काय काय हाय गं?" मी म्हणाले, "बी ट्वेल्व्ह, थोडं बीपी, गुडघा." ते समाधानानं म्हणाले, "बास. आपल्या मालकीचं तेवढंच असावं माणसाजवळ."

ते गेले त्यानंतर काही दिवसांनीच मुलींची स्पर्धा होती. मुली म्हणत होत्या, खेळायचं नाही. काकू पांढऱ्या साडीत ग्राउंडावर गेल्या, जिथं त्या कधी सावलीच्या पुढं आल्या नव्हत्या, आणि म्हणाल्या, "तुमी न खेळता घरी बसलात तर त्या माणसाला मी काय तोंड दाखवू?" मुली खेळल्या. जिंकल्या. संध्याकाळी चषक घेऊन गाणी म्हणत सरांच्या घरी आल्या, मीही होते. सरांच्या अंगणात हौद आहे. खेळून आलेल्या मुलीनं आधी तिथं पाय धुवायचे, मगच ओसरीवर शेंगदाणे-गूळ, असा त्या घरचा नेम. आजारातून उठल्यापासून सर त्या वेळी हौदाजवळच उभे राहायचे. थंडीत पाण्याचा पहिला तांब्या पायावर पडला की मुली किंचाळायच्या, आणि सर खूश होऊन म्हणायचे, "वरडल्या! पाय जिवंत हायेत!" त्या संध्याकाळी मुली हौदाशी आल्या आणि थबकल्या. सरांची जागा मोकळी होती. कुणी तांब्या उचलेना. काकू ओसरीवरून उतरल्या, पदर खोचला, तांब्या बुडवला आणि कप्तान पोरीच्या पायांवर भसकन ओतला. पोरगी जीव खाऊन किंचाळली. मग दुसरी, मग तिसरी... सगळं अंगण किंकाळ्यांनी आणि हसण्यानं भरून गेलं. काकूंनी तांब्या माझ्यापुढं धरला.

"चप्पल काढ," त्या म्हणाल्या. "तुझं बघू दे."

पाणी बर्फासारखं होतं. मी ओरडले.